डिसेंबरचा खासदार: जोसेफ काओ आणि न्यू ऑर्लिन्सचा मतदारसंघ

७ नोव्हेंबर २००९, शनिवार. वॉशिंग्टनमध्ये रात्रीचे अकरा वाजून गेले होते आणि प्रतिनिधीगृहात ओबामांच्या आरोग्य विधेयकावर मतदान चालू होतं. तिथे हात वर करायचे नसतात. बाकांच्या पाठीमागे बसवलेल्या छोट्या पेटीत कार्ड सरकवायचं, बटण दाबायचं, की भिंतीवरच्या फलकावर आपल्या नावाशेजारी दिवा लागतो. हिरवा म्हणजे होय, लाल म्हणजे नाही. रिपब्लिकन पक्षाचे तेव्हा १७७ सभासद होते. त्यांतल्या १७६ नावांशेजारी लाल दिवे लागले आणि एका नावाशेजारी हिरवा. ते नाव होतं लुइझियानाच्या दुसऱ्या मतदारसंघाचे जोसेफ काओ यांचं.

विधेयक २२० विरुद्ध २१५ मतांनी मंजूर झालं. बहुमताला २१८ पुरे होती, आणि डेमोक्रॅट पक्षाने तेवढी स्वतःच्या बळावर जमवली आहेत हे दिसल्यावरच काओंनी बटण दाबलं, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. म्हणजे त्यांच्या मताने निकाल बदलला नाही. पण त्या एका हिरव्या दिव्यावर पुढे बरंच लिहिलं गेलं आणि बहुतेकांनी त्याचा अर्थ एकच लावला: मतदारसंघ डेमोक्रॅटांचा, माणूस रिपब्लिकन, खुर्ची वाचवायला वाकला बिचारा. हा अर्थ मला अपुरा वाटतो. काओंची दोन वर्षांतली मतं आणि त्यांच्या मतदारसंघाची घडण शेजारी शेजारी ठेवून पाहिली की गोष्ट बरीच वेगळी निघते.

आधी नावाचं एक. आन जोसेफ क्वांग काओ. स्पेलिंग बघून आपण 'काओ' म्हणतो, पण अमेरिकी वर्तमानपत्रं त्याचा उच्चार जवळजवळ 'गाव' असा सांगत. मराठी वाचकाला याची गंमत वाटेल, कारण सगळं प्रकरण अखेर गावापाशीच येऊन थांबतं.

मतदारसंघ कसा घडला

लुइझियानात जिल्ह्याला पॅरिश म्हणतात. दुसऱ्या मतदारसंघात तेव्हा ऑर्लिन्स पॅरिशचा, म्हणजे न्यू ऑर्लिन्स शहराचा बहुतेक भाग होता आणि शेजारच्या जेफरसन पॅरिशचा काही भाग. कृष्णवर्णीय लोकसंख्या निम्म्याहून बरीच जास्त. ही रचना आपोआप झालेली नव्हती. १९८० च्या जनगणनेनंतर राज्याच्या विधिमंडळाने शहरातली कृष्णवर्णीय वस्ती दोन मतदारसंघांत चिरून टाकणारा नकाशा केला होता. त्यातला एक तुकडा कागदावर इतका वेडावाकडा दिसायचा की लोक त्याला 'डोनाल्ड डक' म्हणत. १९८३ मध्ये केंद्रीय न्यायालयाने तो नकाशा मोडीत काढला आणि शहराची वस्ती एका मतदारसंघात एकत्र आली.

इथे घाईने निष्कर्ष काढणाऱ्यांसाठी एक खडा आहे. न्यायालयाच्या त्या निकालानंतरही लिंडी बॉग्ज या गोऱ्या बाई तिथून निवडून येत राहिल्या, थेट १९९० मध्ये निवृत्त होईपर्यंत. त्यांच्यानंतर विल्यम जेफरसन आले. अमेरिकी यादवी युद्धानंतरच्या पुनर्बांधणीच्या काळानंतर लुइझियानातून वॉशिंग्टनला गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय खासदार. रिपब्लिकन पक्षाला मात्र ही जागा १८९१ पासून मिळालेलीच नव्हती. कुक निर्देशांक नावाचं एक माप आहे, देशाच्या सरासरीपेक्षा एखादा मतदारसंघ कोणत्या पक्षाकडे किती झुकतो ते सांगणारं. त्या मापाने दुसरा मतदारसंघ डेमोक्रॅटांकडे २५ अंकांनी झुकलेला होता. ओबामांना २००८ मध्ये तिथे दर चार मतांमागे साधारण तीन मिळाली.

मग २००५ च्या ऑगस्टमध्ये कॅटरिना चक्रीवादळ आलं. २००० साली शहराची लोकसंख्या ४,८४,६७४ होती, २०१० साली ३,४३,८२९ भरली. म्हणजे दर दहांतली तीन माणसं गणतीतून गेली. काही परत आली, काही ह्यूस्टन-अटलांटातच राहिली. मतदार यादीत नाव आहे पण घराच्या जागी नुसता चौथरा, असे कितीतरी. तरीही परतलेल्यांतही कृष्णवर्णीय आणि डेमोक्रॅट बहुसंख्यच राहिले, हे पुढच्या हिशेबासाठी लक्षात ठेवायला हवं.

शहराच्या पूर्वेला, न्यू ऑर्लिन्स ईस्टमध्ये, १९७५ नंतर येऊन वसलेली व्हिएतनामी वस्ती आहे. कॅथलिक, चर्चभोवती बांधलेली, बरेचजण कोळंबीच्या बोटींवर. कॅटरिनानंतर सगळ्यांत आधी परतून घरं उभारणाऱ्यांत ही माणसं होती. परतल्यावर बघतात तर वस्तीजवळ वादळाचा कचरा टाकायचं मैदान उघडलेलं. त्याविरुद्ध ते आणि त्यांचे कृष्णवर्णीय शेजारी एकत्र उभे राहिले आणि २००६ मध्ये ते बंद पडलं. काओ याच समाजातले वकील. जन्म १९६७ चा, सायगावचा. आठ वर्षांचे असताना अमेरिकेत आले. वडील दक्षिण व्हिएतनामच्या सैन्यात अधिकारी, ते मागे कम्युनिस्टांच्या छावणीत अडकले. काओंनी पदार्थविज्ञानाची पदवी घेतली, काही वर्षं जेझुइट या कॅथलिक संघात धर्मगुरू होण्यासाठी काढली, त्याच काळात तत्त्वज्ञान शिकले, मग तो रस्ता सोडला आणि कायदा शिकले. कॅटरिनात त्यांचंही घर बुडालं. जेझुइटांकडची ती वर्षं विसरू नका, पुढे लागतील.

डिसेंबरची निवडणूक

जेफरसनांच्या घरी ऑगस्ट २००५ मध्ये एफबीआयने छापा घातला आणि फ्रीझरमध्ये ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळलेले ९०,००० डॉलर सापडले. देशभर विनोद झाले. तरी २००६ मध्ये जेफरसन पुन्हा निवडून आले. २००७ मध्ये आरोपपत्र दाखल झालं, तरी २००८ ला पुन्हा उभे.

आता तारखा नीट पाहू, कारण सगळी मेख तिथेच आहे. १ सप्टेंबर २००८ ला गुस्ताव चक्रीवादळ लुइझियानावर आदळलं. पक्षांतर्गत निवडणूक पुढे ढकलावी लागली. त्यामुळे डेमोक्रॅट पक्षातली शेवटची फेरी नेमकी ४ नोव्हेंबरला आली, ओबामांच्या निवडणुकीच्या दिवशी. त्या दिवशी मतदान केंद्रांबाहेर रांगा होत्या. त्या फेरीत दीड लाखाहून जास्त लोकांनी मत दिलं आणि जेफरसनांनी हेलेना मोरेनो या माजी टीव्ही वृत्तनिवेदिकेला सुमारे ५७ टक्के मतं घेऊन हरवलं. एरवी या मतदारसंघात इथेच सगळं संपतं. डेमोक्रॅटांची उमेदवारी मिळाली की विजयाची मिरवणूकच काढायची.

पण वादळामुळे खरी निवडणूक ६ डिसेंबरला गेली होती. ओबामा जिंकून महिना झालेला, रस्त्यावरचे फलक उतरलेले, मतपत्रिकेवर लोकांना घराबाहेर काढेल असं नावच नाही. मतदान जेमतेम ६७,००० झालं. काओंना ३३,१३२, जेफरसनांना ३१,३१८. फरक १,८१४. कृष्णवर्णीय वस्त्यांमधली केंद्रं ओस पडली होती. जेफरसनांना कंटाळलेले गोरे मतदार मात्र आले. आपल्याकडे पावसाळ्यात पडलेल्या एखाद्या पोटनिवडणुकीत असंच होतं, ज्यांना राग आहे ते येतात, ज्यांना खात्री आहे ते घरी बसतात.

रिपब्लिकन पक्ष त्या हिवाळ्यात सगळीकडे आपटला होता. त्यामुळे हा विजय त्यांना देवाघरचं देणं वाटला. त्यांचे गटनेते जॉन बेनर यांनी तर पक्षाला निवेदनच धाडलं: भविष्य म्हणजे काओ. माझ्या मते त्या निवेदनात हिशेबाची चूक होती. काओंना ज्यांनी निवडून दिलं ते ६ डिसेंबरचे मतदार होते. त्यांना प्रतिनिधित्व करायचं होतं ते जनगणनेतल्या मतदारसंघाचं. या दोन गोष्टींत लाखभर माणसांचं अंतर होतं, आणि त्या लाखातले बहुतेक डेमोक्रॅट.

मतांची नोंदवही

खासदाराच्या मतांची नोंद वाचण्याची एक आळशी पद्धत आहे: पक्षाबरोबर इतके टक्के, पक्षाविरुद्ध इतके टक्के. त्या टक्क्यांत टपाल कार्यालयांना नावं देण्याचे ठरावही मोजले जातात, ज्यांवर सगळेच होय म्हणतात. त्यापेक्षा ज्या मतांवर सभागृह दुभंगलं ती पाच-सात मतं घेऊन बसावं.

पहिली परीक्षा फेब्रुवारी २००९ मध्येच झाली, ओबामांच्या आर्थिक उत्तेजन पॅकेजवर. काओ आधी अनुकूल असल्याचं सांगत होते. शेवटी विरोधात गेले, सगळ्या रिपब्लिकनांसारखे. वादळाने मोडलेल्या माझ्या भागाला यात पुरेसं काही नाही, असं त्यांचं म्हणणं. मतदारसंघाला ते पटलं नाही. शहर अजून अर्धं उघडं पडलेलं असताना आपला खासदार केंद्राच्या पैशाला नाही म्हणतो, हे कुणाला पटणार? काही कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांनी त्यांना परत बोलावण्याचा अर्जच काढला. अमेरिकी राज्यघटनेत खासदाराला परत बोलावण्याची सोय नाही, त्यामुळे त्यातून काही निष्पन्न होणार नव्हतं. पण निरोप पोचला.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये कार्बन उत्सर्जनावर मर्यादा घालणारं विधेयक आलं. आठ रिपब्लिकनांनी पाठिंबा दिला, काओंनी नाही. इथे पक्ष आणि मतदारसंघ यांच्यात भांडणच नव्हतं. मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर तेल हे कुणाचं तरी घर चालवतं, मग तो मतदार कोणत्याही रंगाचा किंवा पक्षाचा असो. एप्रिल २०१० मध्ये बीपी कंपनीसाठी समुद्रात तेलविहीर खोदणारा डीपवॉटर होरायझन हा फलाट फुटून अकरा कामगार मेले आणि महिनोन्‌महिने तेल वाहत राहिलं, तेव्हाही काओंनी नव्या विहिरींवरच्या स्थगितीला विरोध केला आणि त्याच वेळी बीपी कंपनीवर आग पाखडली. जूनमधल्या सुनावणीत ते बीपीच्या अमेरिकी प्रमुखाला म्हणाले की आशियाई संस्कृतीत, सामुराईंच्या काळात, आम्ही तुमच्या हाती सुरा देऊन हाराकिरी करायला सांगितलं असतं. व्हिएतनामी माणसाने जपानी रीत आपली म्हणून सांगावी, यावर हसू येतं. पण बोटी किनाऱ्याला बांधून बसलेले कोळंबीवाले त्या रात्री हसले नसतील.

सप्टेंबर २००९ मधलं मत छोटं होतं, पण मला ते फार बोलकं वाटतं. ओबामांच्या भाषणात 'तुम्ही खोटं बोलताय' असं ओरडणाऱ्या जो विल्सन या रिपब्लिकन खासदाराबद्दल नापसंतीचा ठराव आला. २४० विरुद्ध १७९ ने तो मंजूर झाला. सात रिपब्लिकनांनी आपल्याच माणसाविरुद्ध मत दिलं, त्यांत काओ होते. पहिल्या कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्षाला सभागृहात असं बोललं जाणं न्यू ऑर्लिन्समध्ये कसं ऐकलं गेलं असेल, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. व्हाइट हाऊसशी त्यांनी गोडी ठेवलीच होती, आणि गावाला त्याचा उपयोगही झाला. कॅटरिनात बंद पडलेल्या चॅरिटी रुग्णालयाच्या नुकसानभरपाईचा वाद वर्षानुवर्षं अडकला होता. जानेवारी २०१० मध्ये लवादाने राज्याला सुमारे ४७.५ कोटी डॉलर द्यायला लावले. त्या लवादाची वाट मोकळी करण्यात काओंनी हातभार लावला होता.

आता आरोग्य विधेयक. उन्हाळ्यातच काओ जाहीरपणे म्हणाले होते की या विधेयकाविरुद्ध मत दिलं तर बहुधा आपल्या राजकीय कारकिर्दीचा तो शेवट असेल, पण आपल्याला स्वतःबरोबर जगायचं आहे. सोबत बायबलातलं वाक्यही दिलं: सगळं जग मिळवलं आणि आत्मा गमावला, तर माणसाला काय लाभ? आक्षेप एकाच गोष्टीवर होता. केंद्राच्या पैशातून गर्भपाताचा खर्च भागवला जाईल, यावर. जेझुइटांकडची ती वर्षं इथे लागतात. बाकी विम्याचा खर्च, दवाखान्यांची वाण, गरिबांचे हाल हे सगळं त्यांच्या मतदारसंघात रोज दिसत होतं आणि ते त्यांना मान्य होतं.

७ नोव्हेंबरच्या रात्री मूळ विधेयकाआधी बार्ट स्टुपाक या मिशिगनच्या डेमोक्रॅटाची दुरुस्ती मताला आली. गर्भपाताला केंद्राचा पैसा जाणार नाही, अशी कडक तरतूद. २४० विरुद्ध १९४ मतांनी ती मंजूर झाली. काओंच्या वाटेतला एकुलता एक धोंडा दूर झाला आणि तासाभरात त्यांचा दिवा हिरवा झाला. खुर्चीसाठी वाकणारा माणूस हे सगळं गणित उन्हाळ्यातच बोलून मोकळा होत नाही.

पुढे सिनेटने आपलं वेगळं विधेयक केलं. त्यात गर्भपाताबाबतची तरतूद सैल होती. २१ मार्च २०१० ला तेच विधेयक प्रतिनिधीगृहात अंतिम मतदानाला आलं आणि २१९ विरुद्ध २१२ मतांनी मंजूर झालं. स्टुपाक स्वतः राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाच्या आश्वासनावर होय म्हणाले. काओ नाही म्हणाले. ज्यांना नोव्हेंबरचं मत संधिसाधू वाटलं होतं त्यांच्यासाठी हा चांगला प्रश्न आहे: निवडणूक सात महिन्यांवर, मतदारसंघ ओबामांचा, पहिलं मत आधीच दिलेलं, संधी साधायची तर ती मार्चमध्ये होती. त्यांनी ती सोडली. पक्षाने पुन्हा जवळ घेतलं असेल, पण पक्ष न्यू ऑर्लिन्समध्ये त्यांना काय देऊ शकणार होता?

आपल्याकडे हे प्रकरण घडूच शकलं नसतं. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आणलेल्या दहाव्या परिशिष्टानुसार व्हिप मोडून मत दिलं की सदस्यत्वावर टाच येते. त्यातून कितीतरी निर्णय आवाजी मतदानाने होतात; नोव्हेंबर २०१४ मध्ये महाराष्ट्र विधानसभेत फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठरावही तसाच झाला. कोण होय म्हणालं, कोण गप्प बसलं, याची वही नसतेच. त्यामुळे आमदाराने कसं मत दिलं याऐवजी रस्ता झाला का, लग्नाला आला का, यावर आपण त्याला तोलतो. न्यू ऑर्लिन्समध्ये वही होती. तिने निकाल बदलला का, हे नोव्हेंबर २०१० मध्ये कळलं.

दोन आकडे

डेमोक्रॅट पक्षाने राज्य विधिमंडळातले तरुण आमदार सेड्रिक रिचमंड यांना उभं केलं. काओ जाहीर सभांत ओबामांचं कौतुक करत असताना ओबामांनी रिचमंडांसाठी टीव्हीवर जाहिरात केली. काओ दुखावले. त्यांत आश्चर्य नव्हतं, आणि ओबामांच्या वागण्यातही नव्हतं. मित्र असला तरी मत मोजताना तो समोरच्या बाकावरचा.

२ नोव्हेंबर २०१० चा निकाल: रिचमंड ८३,७०५, काओ ४३,३७८. टक्क्यांत ६५ विरुद्ध ३३. देशभर रिपब्लिकन लाट होती, त्यांनी प्रतिनिधीगृह ताब्यात घेतलं, आणि त्यांचा 'भविष्यातला' माणूस निम्म्या मतांवर हरला.

पण या निकालात एक आकडा दडलेला आहे, ज्याकडे तेव्हा फार कुणी पाहिलं नाही. २००८ मध्ये ३३,१३२ मतं घेऊन काओ जिंकले होते. २०१० मध्ये त्यांना ४३,३७८ मिळाली, दहा हजारांनी जास्त. दोन वर्षांच्या कामाने, विल्सनवरच्या मताने, चॅरिटीच्या पैशाने, त्या हिरव्या दिव्याने, जे काही माणसं जोडायचं ते त्यांनी जोडलं होतं. फक्त यावेळी बाकीचा मतदारसंघही मतदानाला आला. डिसेंबर २००८ मध्ये घरी बसलेली माणसं नोव्हेंबर २०१० मध्ये आली आणि आपल्या पक्षाला मत देऊन गेली. यासाठी काओंच्या नोंदवहीत चूक शोधण्याची गरज नाही. त्यांनी मार्चमध्ये होय म्हटलं असतं तर फरक थोडा कमी झाला असता, असं मला वाटतं. ४०,००० मतांचा खड्डा भरला नसता.

रिचमंड पुढे दहा वर्षं ती जागा सांभाळून होते आणि २०२१ मध्ये बायडेन यांच्या व्हाइट हाऊसमध्ये गेले. मतदारसंघाचा आकार मात्र तोच राहिला नाही. २०१० च्या जनगणनेनंतर लुइझियानाची एक जागा कमी झाली आणि नव्या नकाशात दुसरा मतदारसंघ न्यू ऑर्लिन्सपासून नदीकाठाने बॅटन रूजपर्यंत ताणला गेला.

काओंच्या नोंदवहीतली शेवटची पानं पराभवानंतरची आहेत. अमेरिकेत नोव्हेंबरला हरलेला खासदार जानेवारीपर्यंत खासदारच असतो. खुश ठेवायला मतदार उरलेला नसतो, पक्षाकडूनही फार काही मिळणार नसतं. ८ डिसेंबर २०१० ला, लहानपणी बेकायदा आणल्या गेलेल्या स्थलांतरित मुलांना नागरिकत्वाची वाट देणारं विधेयक मताला आलं. २१६ विरुद्ध १९८. होय म्हणणारे रिपब्लिकन आठ होते, त्यांत आठव्या वर्षी सायगावहून आलेले काओ होते. १५ डिसेंबरला समलिंगी सैनिकांना ओळख लपवायला लावणारा नियम रद्द करण्याचं विधेयक आलं. २५० विरुद्ध १७५, होय म्हणणारे पंधरा रिपब्लिकन, त्यांतही काओ. याच मुद्द्यावर मे महिन्यात, निवडणूक समोर असताना, फक्त पाच रिपब्लिकन होय म्हणाले होते, आणि त्या पाचांतही त्यांचं नाव होतं.